पहिल्या दिवशी मोजून ठेवा : कुत्र्यांची बोर्डिंग चालवणाऱ्यांना खुले पत्र

कुत्र्यांची बोर्डिंग आणि पाळणाघरे चालवणाऱ्या सर्वांस,

सप्रेम नमस्कार.

सुट्ट्यांचा हंगाम सरला की पुढच्या आठ-दहा दिवसांत पशुवैद्यकीय दवाखान्यांत ठरावीक तक्रारी येऊ लागतात. कोरडा खोकला, पातळ जुलाब, फाटलेला कान, कानामागे गोचिडांची रांग. विचारले की कळते, कुत्रा बोर्डिंगला होता. पालक तुम्हाला दोष देतात, तुम्ही म्हणता तो आला तेव्हाच असा होता, आणि दाखवायला कागद दोघांकडेही नसतो. आम्ही दवाखान्यांत काम करणारी माणसे. या भांडणात आम्हाला पडायचे नाही. घरच्यांना नसते अशी एक अडचण तुम्हाला असते आणि तिच्यावर उपाय आहे, तेवढे सांगण्यासाठी हे पत्र.

कुत्रा जरा बिघडला की घरच्या माणसाला लगेच जाणवते, कारण त्याचे रोजचे वागणे त्याला पाठ असते. तुम्ही त्या कुत्र्याला काल पहिल्यांदा पाहिलेत. तो गप्प पडून आहे तो स्वभावाने की तापाने, धापा टाकतोय त्या खेळून की दुखण्याने, हे नुसत्या नजरेने तुम्हाला कळणार कसे? म्हणून पहिल्या दिवशी मोजायचे, लिहायचे आणि रोज त्याच्याशी ताडून पाहायचे. पुढे लिहिलेले बरेचसे यातूनच निघते.

सुरुवात वजनापासून. पालक सांगतील ते वजन लिहू नका, ते बहुधा मागच्या लशीच्या वेळचे असते. स्वतःच्या काट्यावर, पालकांसमोर घ्या. लहान कुत्र्याला उचलून काट्यावर उभे राहायचे आणि मग आपले वजन वजा करायचे, हे चालते. मात्र दर वेळी काटा तोच हवा. वजन दोन कामांसाठी लागते. पहिले म्हणजे घसरण दिसते. २० किलोचा कुत्रा दोन दिवसांत १ किलोने उतरला तर ती चरबी नव्हे, अंगातले पाणी गेलेले असते. दुसरे म्हणजे कुत्र्याने काही भलतेच खाल्ले तर दवाखान्यातून फोनवर पहिला प्रश्न वजनाचाच येतो. १० किलोच्या कुत्र्याने साधारण ४० ग्रॅम डार्क चॉकलेट खाल्ले तर त्यातले थिओब्रोमीन, म्हणजे कुत्र्याला बाधणारे द्रव्य, किलोमागे २० मिलिग्रॅमच्या घरात जाते, आणि ओकाऱ्या, अस्वस्थपणा तिथून सुरू होतो. तेवढेच चॉकलेट ४० किलोच्या कुत्र्याला बहुधा निभावते. साखरेऐवजी वापरतात ते झायलिटॉल त्याहून वाईट. किलोमागे ०.१ ग्रॅम पोटात गेले तरी रक्तातली साखर कोसळू शकते, आणि साखरविरहित च्युइंगगमच्या काही थोड्या गोळ्यांत तेवढे असते. ते गम सापडते कर्मचाऱ्यांच्या पिशवीत. पिशव्यांना कुलपाचे कपाट द्या.

मग हिरड्या. निरोगी हिरडी गुलाबी आणि ओलसर असते. बोटाने दाबून सोडली की पांढरा डाग दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवा. काही कुत्र्यांच्या हिरड्या जन्मापासून काळ्या असतात. त्यांच्या खालच्या पापणीची आतली बाजू पाहा आणि तसे कागदावर लिहा, म्हणजे रात्रपाळीचा माणूस घाबरणार नाही. श्वास मोजायचा तो कुत्रा गाढ झोपलेला असताना. ३० सेकंद छाती किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. मिनिटाला ३० च्या आत असेल तर ठीक. हृदयाचे दुखणे असलेल्या म्हाताऱ्या कुत्र्यात हा आकडा ३० च्या वर जाऊन तिथेच राहिला, तर फुप्फुसात पाणी साठायला लागल्याची ती पहिली खूण असू शकते. धाप दिसायच्या आधी आकडा वाढतो, म्हणून तो पहिल्याच रात्री टिपून ठेवायचा. तापमान रोज घ्यायची गरज नाही. संशय आला की घ्यावे, वंगण लावलेल्या डिजिटल थर्मामीटरने, गुदद्वारातून. ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सियस, म्हणजे साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट, हे नेहमीचे. प्रवासाने भेदरलेल्या कुत्र्याचे तापमान त्याहून थोडे चढते. त्यामुळे आल्या आल्या मोजून ताप ठरवू नका, त्याला अर्धा तास बसू द्या.

अंगावरून हात फिरवून गाठी, जखमा, तुटकी नखे, कानातला वास पाहा आणि जे सापडेल त्याचा फोटो पालकांच्या देखतच काढा. पाच मिनिटांचे काम आहे.

स्वभावाचे प्रश्न विचारताना एक सावधगिरी. ‘चावतो का?’ या प्रश्नाला कोणीही हो म्हणत नाही. विचारायचे असे: खाताना वाटीजवळ हात नेला तर काय करतो? झोपेतून हलवून उठवले तर? नखे कापताना मुसके लागते का? अनोळखी माणसाने पट्ट्याला हात घातला तर? कुंपणावर चढलाय का, खालून उकरून निघालाय का, दार उघडायला शिकलाय का? आवाजाला घाबरतो का, आणि घाबरला की लपतो की पळतो? शेवटचा प्रश्न बहुतेक अर्जांत नसतो, आणि पळणारे कुत्रे नेमके त्यातूनच निघतात.

त्याच कागदावर कुत्र्याच्या नेहमीच्या पशुवैद्याचा फोन, पालकांशी संपर्क न झाल्यास निर्णय घेऊ शकेल अशा दुसऱ्या व्यक्तीचा फोन, आणि तातडीच्या उपचारांवर किती खर्चापर्यंत न विचारता पुढे जायचे याची लेखी परवानगी घ्या. रात्री दोन वाजता पालक विमानात असतील तर हीच सही उपयोगी पडते.

आता लशी. डिस्टेंपर, पार्व्हो, हिपॅटायटीस आणि रेबीज यांच्या लशी झाल्या आहेत का, हे बहुतेक जण पाहतात. तारीख पाहायला मात्र विसरतात. लस टोचली त्या दिवशी संरक्षण सुरू होत नाही. केनेल कफ, म्हणजे एकत्र ठेवलेल्या कुत्र्यांत पसरणारा खोकला, याच्यासाठी बोर्डेटेला या जंतूवरची जी लस नाकात थेंबाने देतात, तिला काम सुरू करायला तीनेक दिवस तरी लागतात. टोचायच्या लशीचे पहिल्यांदा घेताना दोन डोस लागतात, २ ते ४ आठवड्यांच्या अंतराने. ‘सकाळीच देऊन आणलंय’ असे सांगणाऱ्या पालकांना तुम्ही प्रवेश देता तेव्हा कागद बरोबर असतो, कुत्रा उघडाच असतो. नाकातली लस किमान आठवडाभर आधी आणि टोचायचा दुसरा डोस दोन आठवडे आधी, असा नियम ठेवा. आणि ही लस खोकला पूर्ण टाळत नाही, सौम्य करते, हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगा. पिल्लांचे डोस १६ आठवड्यांच्या वयापर्यंत चालू असतात, कारण आईकडून आलेल्या प्रतिपिंडांमुळे आधीचा डोस वाया गेलेला असू शकतो. त्याहून लहान पिल्लू बोर्डिंगमध्ये घेऊच नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पिल्लू गोड असते आणि नाही म्हणणे जड जाते, पण पार्व्होच्या जीवघेण्या जुलाबांपुढे त्याचा काही इलाज नाही.

पार्व्होचा विषाणू जमिनीत आणि फटींत अनेक महिने टिकतो आणि फरशी पुसायच्या कित्येक सुगंधी जंतुनाशकांना तो दाद देत नाही. त्याला ब्लीच लागते. ५ टक्क्यांच्या आसपास सोडियम हायपोक्लोराइट असलेले ब्लीच असेल तर १ भाग ब्लीचला ३० भाग पाणी, आणि पृष्ठभाग १० मिनिटे ओला राहायला हवा. यात तीन चुका नेहमी होतात. आधी विष्ठा आणि चिकटा साबणाने धुऊन काढायचा असतो. तो राहिला तर ब्लीच त्याच्यावरच खर्ची पडते आणि विषाणू शाबूत राहतो. दुसरी चूक, सोमवारी बादलीभर द्रावण करून शुक्रवारपर्यंत वापरणे. पातळ केलेले ब्लीच लवकर निकामी होते, रोज नवे करा. तिसरी चूक धोक्याची आहे. लघवीने भिजलेल्या फरशीवर थेट ब्लीच ओतले की लघवीतल्या अमोनियाशी मिसळून त्याचा घशाला झोंबणारा वायू होतो. अ‍ॅसिडसारख्या क्लीनरमध्ये मिसळले तर क्लोरीन निघतो. आधी पाण्याने धुवा, मग ब्लीच, मग पुन्हा पाणी, मग वाळवणे. वाळवणे विसरू नका. जिआर्डिया या जुलाब लावणाऱ्या परजीवीच्या सिस्ट, म्हणजे कवचातले जंतू, ओलाव्यात तग धरतात आणि कोरडेपणात मरतात. ओल्या फरशीवर कुत्रा परत सोडलात तर त्याच्या पंजांनाही ते चांगले नाही.

विष्ठा रोज, शक्यतो पडल्या पडल्या उचलायची. गोलकृमींची अंडी बाहेर पडल्यावर संसर्गक्षम व्हायला साधारण दोन ते चार आठवडे लागतात, त्यामुळे रोज उचललेल्या विष्ठेतून ती पसरतच नाहीत. जिआर्डिया मात्र ताज्या विष्ठेतूनही लागतो. जुलाब झालेल्या कुत्र्याचा मागचा भाग धुवा आणि त्याला वेगळा ठेवा.

वेगळा म्हणजे खरोखर वेगळा. तीन पिंजरे सोडून चौथ्यात ठेवले तर खोकला थांबत नाही, कारण हवा एकच असते. स्वतंत्र खोली, स्वतःचे हवेचे दार किंवा पंखा, स्वतःच्या वाट्या, स्वतःचा झाडू, आणि त्या खोलीचे काम दिवसात सर्वांत शेवटी. निरोगी कुत्र्यांच्या भागातही हवा खेळती लागते. तासाला १० ते २० वेळा खोलीतली सगळी हवा बदलावी, असे श्वानगृहांच्या रचनेत धरले जाते. सकाळी आत शिरल्यावर अमोनियाचा वास नाकाला जाणवला, तर रात्रभर हवा बदललेली नाही असे समजा. तुमचे नाक जमिनीपासून पाच फूट वर असते, कुत्र्याचे अर्ध्या फुटावर. आवाजाकडेही लक्ष द्या. बंद शेडमध्ये भुंकण्याचा आवाज १०० डेसिबलच्या पुढे जातो. छताला आवाज शोषणारे तक्ते आणि समोरासमोरच्या पिंजऱ्यांमध्ये आडोसा एवढ्यानेही फरक पडतो, कारण एकमेकांना पाहून भुंकणे बरेच कमी होते.

गोचीड हा बोर्डिंगचा खास शत्रू. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड घराच्या आत, भिंतीच्या फटीत, पलंगाच्या सांध्यात आपले सगळे आयुष्य काढू शकते. रक्त पिऊन फुगलेली मादी कुत्र्यावरून उतरते, भिंतीवर चढून फटीत शिरते आणि हजारो अंडी घालते. म्हणून कुत्र्यांवर औषध चालू असूनही गोचीड येत राहिली, तर भिंतीच्या फटी बुजवा. त्यांच्यावर नुसती फवारणी पुरत नाही. प्रवेशाच्या वेळी कानांच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली आणि शेपटीच्या मुळाशी बोटे फिरवून पाहा. सापडली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ, एकाच जोराने ओढा. तेल, रॉकेल, जळती काडी यांनी गोचीड चिडते आणि तोंडातले जंतू आत सोडायचा धोका वाढतो. एर्लिकिया या गोचिडीतून येणाऱ्या जंतूचा संसर्ग गोचीड चिकटल्यावर काही तासांतच होऊ शकतो, त्यामुळे ‘संध्याकाळी अंघोळीच्या वेळी काढू’ नको. तुमच्याकडे मांजरेही राहत असतील तर कुत्र्यांच्या परमेथ्रिन (हे कीटकनाशक) असलेल्या थेंबांची बाटली त्यांच्या खोलीच्या आसपासही नको. मांजराला ते जीवघेणे ठरते.

खाण्याबाबत पहिला नियम, घरचेच खाणे. जागा बदलल्याच्या ताणाने पोट आधीच हललेले असते, त्यात अन्न बदलले की जुलाब ठरलेलेच. खाणे बदलायचे तर आठवडाभरात, एक चतुर्थांश, निम्मे, तीन चतुर्थांश असे वाढवत बदलतात. बोर्डिंगच्या चार दिवसांत ते बसत नाही. पालकांकडून प्रत्येक वेळचे खाणे ग्रॅममध्ये तोलून वेगवेगळ्या पिशव्यांत भरून घ्या. कपाने मोजले की दर माणसागणिक माप बदलते. दोन दिवसांचे जास्तीचे खाणे मागून ठेवा, परतीचे विमान उशिरा येतेच. वाटीत किती उरले ते प्रत्येक वेळी लिहायचे: सगळे खाल्ले, निम्मे, शिवलेही नाही. प्रौढ, निरोगी कुत्र्याने पहिल्या दिवशी तोंड फिरवले तर घाबरू नका. २४ तास उलटले तर पशुवैद्याला फोन करा. लहान जातीचे पिल्लू असेल तर एवढी वाट पाहायची नाही, त्याची साखर काही तासांतच उतरते.

पाणी मोजणारी बोर्डिंग फार थोडी. निरोगी कुत्रा दिवसाला किलोमागे ५० ते ६० मिलिलिटरच्या आसपास पितो, उकाड्यात आणि कोरड्या खाण्यावर थोडे अधिक. १०० मिलिलिटरच्या पुढे रोज जात असेल तर मधुमेह, मूत्रपिंड, नसबंदी न केलेल्या कुत्रीत गर्भाशयातला पू अशा गोष्टींची तपासणी व्हायला हवी. मोजायला अवघड नाही. सकाळी मोजून ओता, संध्याकाळी उरलेले मोजा. दोन कुत्रे एका पिंजऱ्यात असतील तर मात्र हा हिशेब, आणि वाटीत उरलेल्या खाण्याचाही, निरर्थक होतो. भावंडे असली तरी जेवताना वेगळी करा.

खोल छातीच्या मोठ्या जातींबद्दल, म्हणजे ग्रेट डेन, जर्मन शेफर्ड, सेटर वगैरेंबद्दल, रात्रपाळीच्या माणसाला एक चित्र पाठ करून द्या. कुत्रा अस्वस्थ फेऱ्या मारतो, लाळ गळते, ओकारीचे उमाळे येतात पण बाहेर काही पडत नाही, पोट ताणून ढोलासारखे होते. हे पोट फुगून पिळले गेल्याचे लक्षण आहे. रक्तपुरवठा तुटतो, आणि शस्त्रक्रियेविना कुत्रा काही तासांत जातो. पोट फुगलेले दिसायची वाट पाहू नका. काहीच बाहेर न पडता येणारे उमाळे एवढे कारण गाडी काढायला पुरेसे आहे. दिवसाचे खाणे दोन-तीन वेळांत वाटून द्या, गिळगिळून खाणाऱ्याला अडथळ्यांची वाटी द्या, खाल्ल्यावर तासभर धावपळ नको. वाटी उंच स्टँडवर ठेवली की हे टळते, असा जुना समज आहे. मोठ्या जातींच्या पाहणीत उलट अशा वाट्यांसोबत धोका वाढलेला दिसला. ज्याच्या पशुवैद्याने मानेच्या दुखण्यासाठी स्टँड सांगितला नसेल, त्याची वाटी जमिनीवर.

औषधांच्या बाबतीत सर्वांत जपून वागायचे ते इन्सुलिनशी. सिरिंज दोन प्रकारच्या येतात, यू-४० आणि यू-१००; हा आकडा म्हणजे एका मिलिलिटरमध्ये किती युनिट. प्राण्यांची काही इन्सुलिने यू-४० असतात, माणसांची बहुतेक यू-१००. यू-१०० चे औषध यू-४० च्या सिरिंजमध्ये १० च्या खुणेपर्यंत भरले तर कुत्र्याला १० ऐवजी २५ युनिट जातात, आणि तेवढ्याने तो मरू शकतो. उलटी अदलाबदल झाली तर १० ऐवजी ४ युनिट जातात, साखर चढत राहते आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून औषध आणि सिरिंज पालकांनी दिलेल्या जोडीनेच वापरा. सिरिंज संपली तर दुकानात जाण्याआधी बाटलीवरचा आकडा वाचा. बाटली वापरण्यापूर्वी हलवायची की तळहातांत हलकेच घोळवायची, हे औषधागणिक बदलते, तेही लिहून घ्या. ती फ्रिजमध्ये २ ते ८ अंशांत ठेवायची, बर्फाच्या कप्प्याला चिकटून नाही. गोठलेले इन्सुलिन फेकून द्यायचे. आधी खाणे, मग सुई. कुत्रा जेवला नाही तर नेहमीचा डोस देऊ नका, आधी पशुवैद्याला विचारा. डोस एकाने भरायचा, दुसऱ्याने पाहायचा, दोघांनी वेळेसह सही करायची. ‘मी दिलंय’ आणि ‘मला वाटलं तू दिलं नाहीस’ यांतूनच दोनदा टोचले जाते. कुत्रा झोकांड्या खाऊ लागला, थरथरला, भान हरपले, तर हिरड्यांवर मध किंवा साखरेचा पाक चोळा आणि निघा. बेशुद्ध कुत्र्याच्या घशात काही ओतू नका.

फिट्सच्या गोळ्या वेळेवर म्हणजे घड्याळाने. फेनोबार्बिटल सहसा १२ तासांच्या अंतराने असते आणि चुकलेल्या डोसाने फिट येऊ शकते. गोळी दिल्यावर कुत्र्याकडे थोडा वेळ पाहत राहा, गालात धरून कोपऱ्यात थुंकणारे वस्ताद असतात. फिट आली तर तोंडात हात घालायचा नाही, आसपासचे सामान दूर करायचे आणि घड्याळ पाहायचे. ५ मिनिटांवर गेली किंवा २४ तासांत दुसरी आली तर दवाखाना. माणसांची पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन कुत्र्याला कधीही स्वतःच्या मनाने नाही, ‘अर्धीच’ गोळीसुद्धा नाही.

उष्णतेबद्दल सगळे जाणतात, तरी दर उन्हाळ्यात कुत्रे मरतात. चपट्या नाकाचे पग आणि बुलडॉग, लठ्ठ कुत्रे, आणि स्वरयंत्र ढिले पडल्यामुळे घोगरे भुंकणारे म्हातारे लॅब्रॅडॉर यांना दुपारी खेळाच्या मैदानात सोडायचेच नाही. मुसके घालायचे तर जाळीचे, ज्यात तोंड उघडून धापता येते. कापडी मुसक्याने तोंड बांधलेला कुत्रा स्वतःला थंड करू शकत नाही. ने-आण करायच्या गाडीत, बाहेर २४ अंश असताना, काचा बंद ठेवल्या तर अर्ध्या तासात आतले तापमान ४० च्या पुढे जाते. काच चार बोटे उघडी ठेवून विशेष फरक पडत नाही. अंघोळीनंतर पिंजऱ्यात बंद करून गरम हवेचा ड्रायर लावून ठेवायची पद्धत बंद करा. त्या हवेतून कुत्र्याला हलायला जागा नसते. हाताने वाळवा, किंवा गार हवा वापरा आणि माणूस तिथे उभा ठेवा.

कुत्रा लडखडू लागला, हिरड्या विटेसारख्या लाल झाल्या, लाळ घट्ट झाली, तर आधी थंड करा, मग दवाखान्यात न्या. हाताशी असलेले साधे गार पाणी अंगभर ओता आणि पंखा लावा. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नका, थोड्याच वेळात तो गरम होऊन उष्णता आत कोंडतो. तापमान ३९.५ वर आले की पाणी थांबवा, नाहीतर ते खालीच घसरत जाते. कुत्रा उठून बसला तरी दवाखाना टळत नाही. रक्त गोठण्याचा आणि मूत्रपिंडाचा बिघाड पुढच्या एक-दोन दिवसांत दिसतो.

खेळाच्या गटात आकाराने मोठे आणि लहान एकत्र नकोत. दोघांचे कितीही जमत असले तरी लहान कुत्रा किंचाळून पळाला की मोठ्याच्या डोक्यात शिकार जागी होऊ शकते. एका माणसामागे दहाहून अधिक कुत्रे आम्हाला पटत नाहीत, आणि त्या माणसाच्या हातात मोबाइल नको. खाऊ आणि हाडे मैदानाबाहेर. गटात असताना पट्टे काढा, किंवा ओढ बसताच सुटणारे वापरा. कुस्ती खेळताना एकाचा खालचा जबडा दुसऱ्याच्या पट्ट्यात अडकतो, दोघे घाबरून गरगर फिरतात आणि पट्टा पिळून एकाचा गळा आवळतो. अशा वेळी दोघांना एकमेकांकडे ढकलून ताण सैल करा आणि पट्टा कापा. त्यासाठी दणकट कात्री मैदानाच्या दाराला टांगलेली हवी, ऑफिसच्या खणात नव्हे.

भांडण जुंपले तर तोंडाच्या दिशेने हात न्यायचा नाही. पाण्याचा पाइप, मोठा आवाज, मध्ये सरकवलेली फळी. त्याने सुटले नाहीत तर दोन माणसांनी एकाच वेळी दोघांचे मागचे पाय धरून मागे व बाजूला न्यायचे, पण जबडा घट्ट मिटलेला असेल तर ओढू नका, मांस फाटते. दाताचे भोक बाहेरून टाचणीएवढे दिसते आणि आत स्नायू चिरडलेला असतो. मोठ्याने लहानाला धरून झटकले असेल तर तो चालत-फिरत असला तरी त्याच दिवशी छाती आणि पोट तपासून घ्या. माणसाला चावला तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवायची आणि डॉक्टरकडे जायचे, कुत्र्याच्या रेबीज लशीची तारीख सोबत घेऊन.

पळून जाण्याचे प्रकार बहुतेक सोपवण्याच्या क्षणी घडतात. पालक साखळी सोडतात, तुम्ही अजून धरलेली नसते. पालकांनी सोडण्यापूर्वी तुमचा फासाचा पट्टा कुत्र्याच्या गळ्यात हवा. आत-बाहेर दोन दारे, एक मिटल्याशिवाय दुसरे उघडायचे नाही. सकाळी सफाईच्या घाईतही नाही. पट्ट्याखाली दोन बोटे जातील एवढाच सैलपणा. ग्रेहाउंडसारख्यांची मान डोक्याहून जाड असते, साधा पट्टा कानांवरून सहज निघतो. त्यांना ओढल्यावर आवळणारा मार्टिंगेल पट्टा लागतो. कातडीखाली ओळखीची चिप असेल तर प्रवेशाच्या वेळीच वाचून १५ अंकी क्रमांक लिहा आणि पालकांना विचारा की त्या क्रमांकामागे नोंदलेला फोन अजून चालू आहे का. चिप कुत्रा कुठे आहे ते सांगत नाही, सापडल्यावर कोणाचा ते सांगते.

माजावर असलेली कुत्री घेऊ नका. माज तीन आठवडे चालतो आणि कुंपणाचा भरवसा त्या काळात धरता येत नाही. म्हाताऱ्यांच्या पिंजऱ्यात न सरकणारी रबरी चटई टाका. रात्री आवारात जागा किंवा हाकेला उठेल असा माणूस हवा. कॅमेरा पुरत नाही, कॅमेऱ्याला दार उघडता येत नाही.

कुत्रा परत देताना पुन्हा वजन करा आणि पहिल्या दिवसाचा कागद रोजच्या नोंदींसह पालकांच्या हातात द्या: काय खाल्ले, शी कशी होती, कोणते औषध किती वाजता, कोणाशी खेळला, काही खरचटले असेल तर तेही. लपवलेले ओरखडे घरी गेल्यावर अंघोळीत सापडतात. घरी पोचल्यावर बरेच कुत्रे एका दमात वाटीभर पाणी पितात आणि ओकतात. थोडे थोडे द्यायला सांगा. केनेल कफची लक्षणे दिसायला २ ते १४ दिवस लागतात, म्हणून दोन आठवडे खोकल्यावर लक्ष ठेवून तुम्हाला कळवायला सांगा. एका घरून असा फोन आला, तर त्या दिवसांत तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक कुत्र्याच्या पालकांना त्याच दिवशी फोन जायला हवा. कोण कोणत्या तारखेला कोणत्या रांगेत होते, ही नोंद महिनाभर तरी फाडू नका.

आपले,
पशुवैद्यकीय दवाखान्यांत काम करणारे काही जण